तपासणीच्या तासाचा हिशेब

प्रस्तावना

मनाच्या तपासणीनंतर बिलावर दाखवायला फारसे काही उरत नाही. हाड मोडले तर एक्स-रेची फिल्म असते, छातीत कळ आली तर ईसीजीची पट्टी असते, साखर वाढली तर प्रयोगशाळेचा आकडा असतो. इथे असतात एक डॉक्टर, एक रुग्ण, बहुतेक वेळा सोबत आलेले घरचे कोणी, आणि पाऊण-एक तासाचे बोलणे. निदान त्या बोलण्यातून होते. औषध त्यावरून ठरते, रुग्णाला घरी पाठवायचे की ठेवून घ्यायचे हेही त्यावरूनच ठरते. आणि मग केस पेपर बिलाच्या टेबलावर येतो तेव्हा क्लार्कला लिहायला एकच ओळ सापडते, ‘कन्सल्टेशन’. सर्दी-खोकल्याला जी ओळ, तीच इथे.

त्या एका ओळीत काय काय दडलेले असते, ते कागदावर नीट कसे उतरवायचे आणि नीट उतरले नाही तर कोणाचे किती नुकसान होते, हे सांगण्यासाठी ही पुस्तिका आहे. ती पालघर आणि बोईसर-तारापूर परिसर डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. बिलिंग क्लार्क, परिचारिका, समाजसेवा अधीक्षक, कारखान्यातले मनुष्यबळ अधिकारी, कोडिंग शिकणारी मुले आणि रुग्णाचे घरचे, असा तिचा वाचकवर्ग आहे. डॉक्टरांनी वाचली तर उत्तमच.

हाच परिसर का, असे कोणी विचारील. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आठ तालुक्यांचा आहे, आणि आरोग्यसेवेचे पैसे कोण भरतो याचे जेवढे म्हणून प्रकार देशात असतील, ते जवळजवळ सगळे इथे काही तासांच्या प्रवासात भेटतात. तारापूरच्या अणुवीज केंद्रातल्या कायम कर्मचाऱ्याला अणुऊर्जा विभागाची अंशदायी आरोग्य योजना आहे. हे केंद्र १९६९ पासून चालू आहे आणि बोईसरला त्याची वसाहत आहे. एमआयडीसीतल्या रसायन, औषध, कापड आणि पोलादाच्या कारखान्यांतला कामगार ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) कार्ड खिशात घेऊन फिरतो. त्याच कारखान्यातल्या व्यवस्थापकाकडे कंपनीची गटविमा पॉलिसी असते. जव्हार-मोखाड्यातून दिवाळीनंतर ‘जगायला’ बाहेर पडणाऱ्या कुटुंबाजवळ सरकारी योजनेचे कार्ड असलेच तर असते. आणि पालघर स्टेशनजवळ दुकान चालवणारा माणूस खिशातून नोटा काढून देतो. आजार एकच असला तरी या पाच जणांचे कागद पाच वाटांनी जातात. बिल करणाऱ्याला पाचही वाटा माहीत असाव्या लागतात.

आधी तपासणी म्हणजे काय ते पाहू, कारण जे झाले तेच बिलात यायचे असते. पहिल्या भेटीत डॉक्टर तक्रार ऐकतात, ती केव्हापासून आहे आणि कशाने वाढते ते विचारतात. आधीचे आजार, घरातले आजार, दारू, तंबाखू, कर्ज, काम, झोप, भूक हे सगळे येते. मग मानसिक स्थितीची तपासणी होते: पेहराव आणि वागणे, बोलण्याची गती, मनःस्थिती, विचारांचा ओघ, भास, स्मरण, निर्णयशक्ती, आणि आपल्याला काही झाले आहे याची रुग्णाला स्वतःला किती जाणीव आहे. जिवाचे बरेवाईट करण्याचा धोका प्रत्येक वेळी विचारायचा असतो आणि उत्तर ‘नाही’ असले तरी लिहायचे असते. थायरॉइड किंवा बी-१२ची कमतरता मनाच्या आजाराचे सोंग घेऊन येऊ शकते, म्हणून रक्ताच्या तपासण्याही सांगितल्या जातात. त्या कशासाठी होत्या हे केस पेपरवर नसेल, तर विमा कंपनी ‘निदानाशी संबंध नाही’ म्हणून तेवढी रक्कम कापते.

बोईसरला या तपासणीत आणखी एक अडचण असते. ओडिशा किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या ठेकेदारी कामगाराला दवाखान्यात घेऊन येतो तो त्याचा खोलीवरचा सोबती. त्याची ओळख महिन्या-दोन महिन्यांची. ‘पहिले कधी असे झाले होते का?’ या प्रश्नाला तो खांदे उडवतो. मग गावी फोन लावायचा, भाषा जुळवायची, घरच्यांचा विश्वास मिळवायचा. डोंगरपट्टीत वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या आईचे म्हणणे परिचारिका डॉक्टरांना मराठीत सांगते. घरचे बहुधा आधी भगताकडे जाऊन आलेले असतात. तिथे गेलेले पैसे आणि दिवस कुठल्याच बिलात दिसत नाहीत, पण आजार किती जुना हे ठरवताना ते दिवस मोजावे लागतात. माहिती कोणी दिली, तो रुग्णाचा कोण, ती कितपत भरवशाची, या तीन नोंदी केस पेपरवर असल्याच पाहिजेत. पुढे क्लेम अडला तर आजाराची सुरुवात केव्हाची यावरच वाद होतो, आणि तेव्हा त्या खोलीवरच्या सोबत्याचे वाक्य पुरावा म्हणून वाचले जाते.

आता कोड. मानसिक आजार ठरवताना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य असलेले वैद्यकीय निकष वापरावेत, त्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-वर्गीकरणाची ताजी आवृत्तीही आली, असे २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ३ सांगते. ताजी आवृत्ती आयसीडी-११. ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण रुग्णालयाने भरायच्या विम्याच्या ठरीव क्लेम फॉर्ममधल्या चौकटी आयसीडी-१०च्या आहेत. त्यामुळे बिलाच्या टेबलावर अजून ‘एफ’ अक्षराचे राज्य चालते. एफ २० म्हणजे स्किझोफ्रेनिया, एफ ३१ द्विध्रुवी विकार, एफ ३२ नैराश्याचा झटका, एफ ३३ पुनःपुन्हा येणारे नैराश्य, एफ १० दारूमुळे होणारे विकार, एफ ४३.२ परिस्थितीशी जुळवून घेताना झालेला त्रास. आयसीडी-११ मध्ये स्किझोफ्रेनिया ६ए२० झाला आणि नैराश्याचा एकच झटका ६ए७०. दोन्ही याद्या शेजारी ठेवून काम करणे सध्या अटळ आहे, म्हणून पुस्तिकेत तसा तक्ता दिला आहे.

पण कोड पाठ करणे हा यातला सोपा भाग. निदान कधी ठरले म्हणायचे, हे ओळखणे कठीण. पहिल्या भेटीत डॉक्टर अनेकदा ‘नैराश्य असावे’, ‘स्किझोफ्रेनिया नाही ना ते पाहायचे’ असे लिहितात. घाईत क्लार्क त्यातला आजार उचलतो आणि ‘असावे’ गाळतो. शंकेचा शिक्का होतो तो असा. बाह्यरुग्णाच्या बाबतीत अमेरिकेतला कोडिंगचा नियम स्पष्ट आहे: ‘संभाव्य’ किंवा ‘संशयित’ निदान पक्के समजून कोड लावायचा नाही, दिसलेल्या लक्षणाचा लावायचा. आपणही तेच पाळावे. त्यासाठी लागणारे कोड आयसीडी-१० मध्ये आहेत. सर्वसाधारण मानसिक तपासणीला झेड ००.४ आहे, मानसिक विकाराच्या संशयावरून निरीक्षणाखाली ठेवले असेल तर झेड ०३.२ आहे, अधिकृत यंत्रणेने मागितलेल्या तपासणीला झेड ०४.६ आहे. हे तीन कोड आपल्याकडच्या कागदांवर क्वचित दिसतात. ते वापरात आले तर निम्मे चुकीचे शिक्के टळतील असे मला वाटते.

याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. लोक थंडीत घराबाहेर झोपू लागले. रात्री दचकून जागे होणे, मुलांना एकटे न सोडणे, भांडे पडले तरी बाहेर धावणे, हे सगळे अशा काळात होणारच. जमीन खरोखर हलत असताना वाटणारी भीती हा आजार नव्हे. ती आठवड्यांमागून आठवडे टिकली, कामधंदा सुटला, झोप मोडली, तर तपासणी करून निदानाचा विचार करावा. डॉक्टर ही रेघ ओढतात ते तपासणीच्या तासात. कोड लावणाऱ्याने ती पुसायची नसते.

पैशाच्या मुख्य वाटा आता एकेक करून पाहू. सरकारी रुग्णालयाची वाट सर्वांत सरळ. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. इथे बिल नाही, म्हणून नोंदही नाही, असा एक गैरसमज आहे. पालघरहून ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठवलेल्या रुग्णासोबत चार ओळींची चिठ्ठी गेली, तर तिथे सगळे पुन्हा पहिल्यापासून विचारावे लागते. कोड असला की पुढचा डॉक्टर एका नजरेत जागेवर येतो. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची पॅकेजेस भरती झालेल्या रुग्णासाठी असतात. ओपीडीतल्या नुसत्या तपासणीचे पैसे त्यातून मिळत नाहीत, हे कुटुंबाला आधीच सांगून टाकावे.

ईएसआयसीच्या वाटेवर मात्र निदानाच्या शब्दाला रोख किंमत आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार या योजनेत येतो. त्याच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते. आजारपणात वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो. त्यापुढे काय, याचे उत्तर दीर्घ मुदतीच्या ३४ आजारांच्या यादीत आहे. त्या यादीतला आजार असेल आणि सलग दोन वर्षांची विमायोग्य नोकरी व वर्गणीच्या दिवसांची अट पुरी होत असेल, तर लाभ ८० टक्के होतो आणि दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. या यादीत स्किझोफ्रेनिया, एंडोजीनस डिप्रेशन, मॅनिक डिप्रेसिव्ह सायकोसिस आणि डिमेन्शिया आहेत. नावे जुन्या वळणाची आहेत. आजचा डॉक्टर ‘तीव्र स्वरूपाचे, पुनःपुन्हा येणारे नैराश्य’ असे लिहितो. त्याचा कोड एफ ३३.२, आणि आयसीडी-१० मध्ये याच कोडाखाली एंडोजीनस डिप्रेशन गणलेले आहे. मॅनिक डिप्रेसिव्ह आजार आज एफ ३१ मध्ये मोडतो. हा दुवा ज्याला ठाऊक आहे तो क्लार्क कामगाराचा दोन वर्षांचा आधार वाचवू शकतो. केस पेपरवर ‘टेन्शन, झोप नाही’ एवढेच असेल तर ९१ दिवसांनंतर त्या घरात पगार येत नाही.

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. लाभ मिळावा म्हणून एफ ४३.२ ऐवजी एफ ३३.२ लिहा, असा आग्रह कधी कामगाराचे नातलग धरतात, कधी युनियनचा माणूस. दया येते, पण ते करायचे नाही. ती फसवणूक आहे, आणि त्या कोडाचे ओझे पुढे त्याच कामगाराला वाहावे लागते. नव्या विम्याच्या अर्जात आधीच्या आजारांचा रकाना असतो. तिथे खोटे निदान लिहिले तरी अडचण, लपवले तरी अडचण.

खासगी विम्याची वाट कायद्याने रुंद केली, पण तिच्यावर दोन फाटके आहेत. मानसिक आजाराचा विमा शारीरिक आजाराच्या बरोबरीने द्यावा, असे २०१७च्या कायद्याचे कलम २१(४) सांगते. कायदा २९ मे २०१८ रोजी लागू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विमा नियामकाने कंपन्यांना ते पाळायला सांगितले. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका दाव्यात विमा कंपनीचा नकार चुकीचा ठरवला. तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामकाला पुन्हा परिपत्रक काढून महिनाअखेरची मुदत द्यावी लागली. त्यावरून कंपन्यांचा उत्साह कळतो.

पहिले फाटक म्हणजे पॉलिसीतल्या ठरीव अपवादांच्या यादीतला चौथा कोड. केवळ निदानासाठी किंवा मूल्यमापनासाठी केलेली भरती या अपवादात बसते, तिचे पैसे मिळत नाहीत. आणि साध्या पॉलिसीत ओपीडीही नसते. म्हणजे मनाची तपासणी भरती न होता केली तर पॉलिसीबाहेर, आणि तपासणीसाठी भरती झाले तर अपवादात. इथेच मोह होतो: तपासणीसाठी आलेल्या माणसाला चोवीस तास ठेवून घ्यायचे आणि त्या तासाचा खर्च खोलीभाड्यात मुरवायचा. कुटुंबाला वाटते पैसे वाचले. पुढे डिस्चार्ज कार्डावर उपचाराची नोंद दिसत नाही, विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारा टीपीए प्रश्न विचारतो, क्लेम नाकारला जातो, आणि खोलीभाडे खिशातून जाते. भरतीची गरज असेल तर ती का, हे पहिल्या दिवसाच्या नोंदीत लिहावे: जिवाचा धोका, अन्नपाणी सोडणे, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता. तसे कारण नसेल तर भरती करू नये.

दुसरे फाटक बारावा कोड, दारू आणि व्यसनांवरच्या उपचारांचा. कारखानदारीच्या गावात याचे प्रसंग नेहमीचे. दारू अचानक सुटल्यावर चौथ्या दिवशी माणूस बरळू लागतो, हात थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात. ही जिवावर बेतणारी अवस्था आहे, कोड एफ १०.४. बहुतेक पॉलिसी तिचे पैसे देत नाहीत. म्हणून ‘ताप आणि झटका’ लिहून कागद पुढे सरकवण्याची विनवणी होते. क्लेम फॉर्ममध्ये इजेच्या कारणाखाली दारू किंवा अमली पदार्थांचा रकाना असतो, आणि रक्ताचे अहवालही बोलके असतात. खोटे टिकत नाही. माझ्या मते हा अपवादच बरोबरीच्या तत्त्वाला धरून नाही, तो बदलावा यासाठी भांडले पाहिजे. पण ते भांडण एका रुग्णाच्या केस पेपरवर खोटे लिहून जिंकता येणार नाही.

या पुस्तिकेत अमेरिकेवर एक प्रकरण आहे. ते वाचून काहींना नवल वाटेल. विरार-डहाणू मार्गावर एप्रिल २०१३ मध्ये लोकल सुरू झाली, आणि या पट्ट्यातल्या बी.एस्सी., बी.फार्म. झालेल्या मुलामुलींना मुंबई-नवी मुंबईतल्या कोडिंगच्या नोकऱ्या थोड्या जवळ आल्या. ते तिथे बसून कधी न पाहिलेल्या गावांतल्या रुग्णांचे कागद वाचतात. तिकडे मनाच्या पहिल्या तपासणीला स्वतःचा क्रमांक आहे. १ जानेवारी २०१३ पासून डॉक्टरी सेवेविना केलेल्या मूल्यमापनाला ९०७९१ आणि डॉक्टरी सेवेसह केलेल्याला ९०७९२. त्यानंतरच्या समुपदेशनाचे क्रमांक मिनिटांवर ठरतात: ९०८३२ अर्ध्या तासाचा, ९०८३४ पाऊण तासाचा, ९०८३७ एका तासाचा. संवाद गुंतागुंतीचा झाला तर ९०७८५ जोडता येतो, मात्र केवळ दुभाषा लागला एवढ्यावर तो लावू नये असे तिथला नियम सांगतो.

तिकडचे सगळे उचलावे असे मी म्हणणार नाही. क्लेम नाकारणे आणि नाकारलेला क्लेम पुन्हा लढवणे हा तिथे स्वतंत्र धंदा झाला आहे, आणि २००८च्या समानतेच्या कायद्यानंतरही मानसिक आजाराचे रुग्ण तक्रारी करतच आहेत. घेण्यासारखी गोष्ट एकच. तपासणी ही स्वतंत्र सेवा आहे, तिला वेळ लागतो, आणि तो वेळ कागदावर मोजला जातो. आपल्याकडे दर लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही, साधारण पाऊण आहे. अशा देशात त्याच्या तासाची नोंदच नसेल, तर आणखी किती तज्ज्ञ लागतील हे सरकारला तरी कशावरून कळणार?

गुप्ततेबद्दल दोन शब्द. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे प्रत्येक आरोग्य व्यावसायिकाचे कर्तव्य आहे. त्याला अपवाद आहेत: नामनिर्देशित प्रतिनिधी, उपचार करणारे इतर व्यावसायिक, कोणाला इजा होऊ नये म्हणून, न्यायालयाचा आदेश, सार्वजनिक सुरक्षितता. त्यात मालक नाही, ठेकेदार नाही, सोसायटीचा सचिव नाही. बोईसरसारख्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. कामावर रुजू होण्याचे फिट सर्टिफिकेट देताना ‘कामास योग्य’ एवढे पुरते, निदान लिहायची गरज नाही. कंपनीच्या गटविम्याचा क्लेम मनुष्यबळ विभागाच्या टेबलावरून उघडा फिरू देऊ नये. आणि त्याच कायद्याचे कलम ३ आणखी एक गोष्ट सांगते, ती प्रत्येक मनुष्यबळ अधिकाऱ्याने लिहून ठेवावी: पूर्वी उपचार घेतले किंवा भरती झाली होती, एवढ्यावरून माणसाला आज आजारी ठरवता येत नाही.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचे प्रकरण शेवटी आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे, आणि ४० टक्क्यांची पायरी गाठली की सवलती मिळतात. ही टक्केवारी ‘आयडियाज’ या भारतीय मोजपट्टीवर ठरते: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व समज, आणि काम, या चार बाबींना शून्य ते चार गुण, त्यात आजाराच्या कालावधीचे गुण. बेरीज सात झाली की ४० टक्के. कालावधीचे गुण जुन्या केस पेपरवरूनच मिळतात. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या पहिल्या तपासणीचा कागद जपून ठेवला असेल, तर तो आज पेन्शनच्या रांगेत उपयोगी पडतो.

पुस्तिका वाचताना घाई करू नये. प्रत्येक प्रकरणाअखेर केस पेपरचे नमुने आहेत. ते कल्पित आहेत, त्यांतली माणसे खरी नाहीत. आधी स्वतः कोड लिहून पाहावा, मग उत्तर पाहावे. उत्तर वेगळे आले तर कारण वाचावे, कारण पुस्तिकेचा खरा मजकूर त्या कारणांतच आहे. नियम आणि दर बदलत राहतात. प्रत्येक क्लेमच्या वेळी त्या तारखेची पॉलिसी आणि त्या तारखेचे परिपत्रक पाहण्याची सवय लावावी.

बिलाच्या टेबलावर बसणाऱ्यांकडे माझ्या चारच मागण्या आहेत. तपासणीला बिलात तिची स्वतःची ओळ द्या आणि लागलेला वेळ लिहा. कोड डॉक्टरांच्या नोंदीवरूनच घ्या, विम्याच्या सोयीने घेऊ नका. नोंद अपुरी वाटली तर अंदाज न बांधता डॉक्टरांना विचारा. आणि रुग्ण घरी जाताना त्याच्या कागदांची प्रत त्याच्या हातात द्या. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २५ने तो त्याचा हक्क आहे.